कॉलर शिकवायला आलेली अक्का

आमच्या कपड्यांच्या कारखान्यात बऱ्यापैकी इंग्रजी बोलणारी बाई मी एकटीच होते, म्हणून तिला आणायला स्टेशनवर मलाच पाठवलं. सुरतेकडून येणारी गाडी नंदुरबारला थांबली आणि एक ठेंगणी, सावळी बाई दोन बॅगा ओढत उतरली. उतरल्या उतरल्या तिला शिंकांवर शिंका आल्या. हिवाळ्याचे दिवस होते. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते तेव्हा नवा माणूस शिंकल्याशिवाय राहत नाही. मी पाण्याची बाटली पुढे केली. डोळे पुसत ती म्हणाली, "तुमच्याकडे सगळ्यांचं स्वागत असंच करतात का?"

ती श्रीलंकेची होती. अर्धं आयुष्य तिने शर्ट शिवण्यात घालवलं होतं आणि आता इतरांना शिकवत होती. आमच्या कारखान्याने तिला काही महिन्यांच्या करारावर बोलावलं होतं. एकट्या परदेशी बाईला लॉजवर ठेवणं मॅनेजरसाहेबांना बरं वाटेना. आमच्या घराची वरची खोली रिकामी होती आणि माझे यजमान एसटीत असल्याने निम्मा वेळ घराबाहेर, त्यामुळे ती आमच्याकडेच राहिली.

पहिल्या दिवशी लाईनवर तिची ओळख करून देताना मी विचारलं, "यांनी तुम्हाला काय म्हणायचं? मॅडम?"

"अक्का म्हणा," ती म्हणाली.

बायका खदाखदा हसल्या. त्यांना वाटलं, ही मराठी शिकून आली. तिच्या भाषेतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात हे मी सांगितलं, तेव्हा एक जण म्हणाली, "मंग ती आपलीच शे."

आमची लाईन तोवर शाळेचे गणवेश आणि परकर शिवायची. काम असलं तर असलं, नाहीतर घरी बसा. त्या सुमारास आपल्या देशाचा इंग्लंडशी व्यापाराचा करार झाला. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या कपड्यावरची जकात उठणार आहे. आजूबाजूच्या देशांना ही सवलत आधीपासून होती, म्हणून सगळं काम तिकडे जायचं. आता आपल्याला पण. शिवाय कापूस आपला, सूत आपलं. फक्त हात तयार पाहिजेत." बायर म्हणजे माल घेणारी तिकडची मोठी दुकानं, त्यांची माणसं सँपल घेऊन आलीच होती. लहान मुलांचा पांढरा शर्ट होता, गोल कॉलरचा, आतून निळी पट्टी लावलेला.

ती गोल कॉलर म्हणजे डोकेदुखी होती. दोन्ही बाजूंची गोलाई तंतोतंत जुळली पाहिजे, टाके एकसारखे पाहिजेत, उलटवल्यावर कुठे गाठ दिसता कामा नये. अक्का एकेका मशीनजवळ बसायची. ती इंग्रजीत बोलायची, मी अहिराणीत सांगायचे, आणि थोड्याच दिवसांत माझी फारशी गरज उरली नाही. तिचा हात ऑपरेटरच्या हातावर असायचा. कापड जिथे वळवायचं तिथे ती बोटाने हलकेच दाबायची.

कॉलर सगळ्यात आधी जमली ती डोंगरातल्या मोलगीकडच्या एका मुलीला. आश्रमशाळेत शिकलेली, घरी भिली बोलणारी, आमच्याशी मात्र पुस्तकातल्यासारखी शुद्ध मराठी बोलायची. नंदुरबारला दोघी-तिघींनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायची. दिवाळीनंतर तिचं घर दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जायचं. त्या वर्षी पहिल्यांदा आईवडील डोंगरातच राहिले होते, हिच्या पगारावर. हे तिनेच मला डबा खाताना सांगितलं होतं, अगदी सहज.

एका सुट्टीला मी अक्काला माझ्या माहेरी, प्रकाशाला घेऊन गेले. भावाने जेवायला थांबवून घेतलं. त्याची कापसाची शेती. अक्काला एव्हाना कामापुरतं हिंदी कळायचं. जेवताना तो उत्साहाने हिंदीत अक्कालाच सांगायला लागला, "मॅडम, अब देखो. आता सगळी ऑर्डर इंडियाला येणार. बांगलादेश, श्रीलंका, सगळे मागे पडणार. आमच्या कापसाला भाव येईल." वहिनीने डोळे वटारले तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण कोणाशी बोलतोय ते. तो वरमला. अक्का म्हणाली, "कापूस चांगला पिकू दे तुमचा," आणि मान खाली घालून भाकरी खात राहिली.

जेवण झाल्यावर आम्ही तापीच्या घाटावर जाऊन बसलो. देवळात दर्शनाला आलेल्यांची गर्दी होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाकटी बहीण होती. मला भाषा कळत नव्हती, पण पलीकडून रडणं ऐकू येत होतं. अक्काने बरंच ऐकून घेतलं. मग एकच काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं. उत्तर ऐकताना तिच्या बोटाने हवेतच एक गोलाई काढली.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"खरं सांग. तुला माहीत होतं?"

"अगं, काय ते तरी सांग."

बहीण ज्या कारखान्यात शर्ट शिवत होती, जिथे अक्कानेही बरीच वर्षं काम केलं होतं, तिथली लहान मुलांच्या शर्टांची लाईन बंद होत होती. मालकाने बायकांना एकत्र उभं करून सांगितलं होतं की काम इंडियाला गेलं. कुठलं काम, हे अक्काने विचारलं होतं. पांढरा शर्ट, गोल कॉलर, आतून निळी पट्टी.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. तिने विश्वास ठेवला की नाही कोण जाणे. परतीच्या वाटेवर ती खिडकीकडे तोंड करून बसली. ते काम आमच्याकडे आलं याचा मला आनंद झाला होता. तो आनंद काही खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरताच ती थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. मलाही येण्याची खूण केली.

"हे काम आमच्या कारखान्यातून काढून आणलेलं आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

साहेब गडबडले नाहीत. "मॅडम, तुम्ही तिथे काम केलंय म्हणून तर तुम्हाला घेतलं. बायरनेच सुचवलं होतं की तिकडची कोणीतरी बघा. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"मला वाटलं, जास्तीचं काम इकडे येतंय."

"जास्तीचं कुठून येणार? घालणारी मुलं तेवढीच आहेत."

ती बाहेर आली. नळाजवळ जाऊन ती पाणी प्यायली, केस नीट बांधून लाईनवर गेली. रोजच्यासारखी एकेका मशीनपाशी बसली. पण चूक दिसली की नुसतं बोट ठेवायची आणि पुढे जायची.

नेमक्या त्याच आठवड्यात कॉलरी बिघडायला लागल्या. शिवताना ठीक दिसायच्या, इस्त्री झाली की एक बाजू आकसायची. चेकिंगच्या टेबलावर बाद झालेल्या शर्टांचा ढीग वाढत चालला. इन्स्पेक्शनला बायरचा माणूस यायला थोडेच दिवस राहिले होते. त्यात माल नापास झाला असता तर पुन्हा ऑर्डर मिळायची नाही, हे लाईनवरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

साहेबांनी मला चेकिंगच्या खोलीत बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"ताई, स्पष्ट बोलतो. तिच्या बहिणीचं काम आपण आणलंय. आता ती मनापासून शिकवेल का? काही गडबड तर करत नाही ना? तुम्ही दिवसभर तिच्याबरोबर असता, घरीही असता. जरा लक्ष ठेवा."

"सर, मला भाषांतरासाठी ठेवलंय."

"मग डोळे मिटून भाषांतर करता का?" ते म्हणाले. आवाज चढला होता. "या ऑर्डरवर सगळ्यांच्या नोकऱ्या आहेत. तुमचीसुद्धा."

मी बाहेर आले. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या दिवशी पहिल्यांदा मी अक्काच्या शिकवण्याकडे न बघता तिच्या हातांकडे बघत होते. ती कापड कुठे दाबते, कुठे सोडते. तिने एकदा वर पाहिलं. माझी नजर तिला कळली असावी. घरी जेवताना तिने ताट उचललं आणि वरच्या खोलीत घेऊन गेली.

चेकिंगच्या खोलीला पत्र्याची भिंत होती, आणि पलीकडे मोलगीची मुलगी त्या वेळी धागे कापायला बसली होती, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी संपली, मशीनी सुरू झाल्या, पण हिची सुरू होईना. कॉलर तिच्याकडूनच पुढे जायची. तिच्या पुढच्या बायका रिकाम्या बसल्या.

"कसाले थांबनी वं?" मागून कोणीतरी ओरडलं. "टारगेट शे ना!"

मुलगी उभी राहिली. "मला अक्कांना एक गोष्ट विचारायची आहे. ताई, तुम्ही सांगा त्यांना."

एकेक मशीन बंद होत गेली. वर फिरणाऱ्या पंख्यांचा तेवढा आवाज. पांढऱ्या कापडावर मिरचीची धूळ बसू नये म्हणून त्या दिवसांत खिडक्या बंद ठेवायचो, आणि आत श्वास कोंडल्यासारखं व्हायचं.

"हे काम तुमच्या बहिणीचं होतं, हे खरं आहे का?"

मी वळून पाहिलं. साहेब केबिनच्या काचेतून बघत होते.

"ताई, सांगा ना."

मी सांगितलं. अक्काने मुलीकडे बघूनच मान हलवली. "हो."

लाईनमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी जिभेने च्-च् केलं.

"मग तुम्ही आम्हाला का शिकवता?"

अक्का सावकाश बोलली आणि मी एकेक वाक्य अहिराणीत सांगत गेले. इथला पगार घेते म्हणून शिकवते. आता घरात तो एकच पगार उरला आहे. बहिणीची लहान मुलगी आहे, आई आहे. आणि मी आज बॅग भरून निघाले, तरी हे शर्ट परत तिकडे जाणार नाहीत.

"तुमची बहीण आता काय करणार?"

"माहीत नाही."

मुलगी उभीच होती. म्हणाली, "माझ्याकडून शिवलं जाणार नाही." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. तो कोणावर होता हे तिलाही सांगता आलं नसतं.

मागच्या मशीनवरची वयस्कर बाई उठली. या लाईनवर ती सगळ्यात जुनी, नवरा अंथरुणाला खिळलेला. "तुन्हाकडथून नही व्हवाव तर सरक बाजूले," ती म्हणाली. "मन्हा घर चूल शे." तिने मुलीच्या खुर्चीला हात घातला. मुलीने खुर्ची धरून ठेवली. दोघी तशाच उभ्या, एकाच खुर्चीला धरून. आता हात उगारला जातो की काय असं वाटून मी पुढे झाले.

माझ्या आधी अक्का पोहोचली. तिने दोघींचे हात खुर्चीवरून सोडवले, दुसरी खुर्ची ओढली आणि स्वतः बसली. मुलीला शेजारी बसवलं. पेटीतून एक कोरी कॉलर घेऊन तिच्यापुढे ठेवली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत, माझ्याशिवाय, म्हणाली, "खराब सिलाई से मेरी बहन को काम नहीं मिलता. बैठो. सिलो."

मुलगी बसली. पहिल्या खेपेला टाका सरळ जाईना. अक्काने ती उसवली आणि पुन्हा पुढे ठेवली.

ती कॉलर पुन्हा शिवून झाल्यावर अक्का ती घेऊन इस्त्रीच्या टेबलाकडे गेली. इस्त्री फिरवताच कॉलर आकसली. तिने मला बोलावलं, वयस्कर बाईला बोलावलं. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कॅनव्हास उसवून आधीच्या मालातल्या तुकड्याशेजारी ठेवलं आणि दोन्हींवर वाफेची इस्त्री फिरवली. नवं कॅनव्हास आखडलं. नवा गठ्ठा कुठून आला, साहेबांना विचारायला मी गेले. पुरवणाऱ्याने दुसराच माल पाठवला होता, आणि घाईत कोणी पाहिलं नव्हतं. साहेबांनी तिथल्या तिथे सुरतेला फोन लावून जुनंच कॅनव्हास मागवलं. अक्काला मात्र ते काही म्हणाले नाहीत. मीही म्हणाले नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर मी माझं ताट घेऊन वरच्या खोलीत गेले, तिने दार उघडलं, आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून जेवलो. वरणात लिंबू पिळता पिळता ती म्हणाली, "तू माझे हात बघत होतीस."

"हो."

"मीसुद्धा बघितले असते," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले आठवत नाहीत. बाद कॉलरी उसवायच्या, कॅनव्हास बदलायचं, पुन्हा शिवायचं. मुलगी आणि ती वयस्कर बाई एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण शर्ट एकीच्या हातातून दुसरीच्या हातात न थांबता जात होते.

इन्स्पेक्शनला मुंबईहून एक शांत, चष्मा लावलेला माणूस आला. खोक्यांच्या थप्पीतून त्याला हवी ती खोकी काढायला लावायचा, शर्ट दिव्याखाली धरायचा, टेपने मोजायचा. आम्ही सगळ्या भिंतीला लागून उभ्या. बाहेर वारा सुटला होता, फटींमधून मिरचीचा खकाणा आत येत होता आणि आम्ही पदराने नाक दाबून शिंका आवरत होतो. एका शर्टाच्या खांद्यावर त्याला बारीक लाल ठिपका दिसला. त्याने शर्ट टेबलावर पसरला. फुंकर घातली. ठिपका गेला नाही. खिशातून पांढरा रुमाल काढून टिपला, रुमालाकडे पाहिलं, पुन्हा शर्टाकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या माणसाने तो शर्ट वेगळा ठेवला आणि पुढचं खोकं उघडायला सांगितलं.

त्यानंतर त्याला दुसरा ठिपका सापडला नाही. कॉलरी तर त्याने उलट्यापालट्या करून पाहिल्या. शेवटी चष्मा पुसत म्हणाला, "पास."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वयस्कर बाईने मोलगीच्या मुलीला पाठीमागून मिठीच मारली, आणि मुलगी हसली. मी अक्काला शोधलं. ती नळावर हात धूत होती. हात स्वच्छ झाले तरी धूतच होती.

तिचा करार पुढे वाढवला नाही. साहेब म्हणाले, मुली तयार झाल्यात, आता गरज नाही. ते खरंही होतं. निघताना मोलगीच्या मुलीने घरून आणलेलं आमचूर तिला दिलं. अक्काने पिशवी उघडून वास घेतला आणि म्हणाली, आम्ही माशाच्या कालवणात असंच काहीतरी आंबट घालतो. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला. मुलगी तिच्या पाया पडायला वाकली तर अक्काने तिला मध्येच धरलं आणि सोडेचना.

पुढे आमच्याकडे दुसरी लाईन उघडली. नव्या मुली आल्या, बऱ्याचशा डोंगरातल्या. अक्काच्या बहिणीला तिकडे कुठेच काम मिळालं नाही. ती जॉर्डनला गेली. त्या देशाचा अमेरिकेशी असाच करार आहे म्हणे, म्हणून तिथे कपड्यांचे कारखाने आहेत आणि शिवायला आपल्या बाजूच्या देशांतल्या बायका जातात. तिची मुलगी आता अक्काजवळ असते. हे मला फोनवर कळलं.

नव्या लाईनच्या मुलींना गोलाई काही केल्या जमेना. मोलगीची मुलगी, जी आता त्यांना शिकवत होती, तिने जीव तोडून प्रयत्न केला. एका दुपारी ती माझ्याकडे आली. "ताई, अक्कांना व्हिडिओ कॉल लावता? एकदाच."

मला फोन लावायला धीर होईना. कोणत्या तोंडाने विचारायचं? पण मुलगी समोरून हलेना. मी लावला. अक्काने उचलला. मागे भाची काहीतरी गाणं म्हणत होती. मी कसंबसं सांगितलं. ती उठली, भाचीला बाहेर पाठवून परत येऊन बसली.

"कॅमेरा खाली धर," ती म्हणाली. "मला हात दिसू दे."

मी फोन मशीनवर धरला. नवी मुलगी शिवत होती, अक्का मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होती: आता थांब, सुई खाली राहू दे, पाऊल उचल, कापड फिरव. थोडं. अजून थोडं. हां, आता सोड. मोलगीची मुलगी शेजारी उभं राहून तेच भिलीत सांगत होती. बऱ्याच कॉलरी वाया गेल्या. मग एक नीट उलटली, दोन्ही बाजू सारख्या.

मी फोन माझ्याकडे वळवला. आभार मानायला तोंड उघडलं, तर अक्काने हात वर करून मला थांबवलं.

"आता यासाठी मला पुन्हा फोन करायचा नाही," ती म्हणाली. "बाकी कशासाठीही कर."

मी बरं म्हणाले. आता आम्ही सणावाराला बोलतो. तिच्या भाचीच्या शाळेबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल, मिरचीच्या हंगामाबद्दल. कारखाना कसा चाललाय हे ती विचारत नाही, आणि मी सांगत नाही.